स्वतःबद्दल खरं सांगताना: खोड, लकब, तऱ्हा की आणखी काही?

नव्या वहीचं पहिलं पान मी कोरं सोडते. त्यावर नाव नाही, तारीख नाही, काही नाही. लिहायला सुरुवात दुसऱ्या पानापासून. का, ते सांगता येत नाही. पण पहिल्या पानावर कुणी काही खरडलं की ती वही माझ्यापुरती बाद.

एका गटात सगळ्यांनी स्वतःबद्दल चार खऱ्या गोष्टी लिहायच्या ठरल्या: आवडी, नावडी आणि असले बारीकसारीक विचित्रपणे. मी लिहायला बसले आणि मथळ्यालाच अडले. या वहीच्या प्रकाराला म्हणायचं काय? 'सवय' फार सपक वाटतं, दात घासणं हीसुद्धा सवयच. 'छंद' नव्हे, छंदासाठी माणूस मुद्दाम वेळ काढतो. 'खोड' म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. 'स्वभाववैशिष्ट्य' निबंधातलं. तुम्ही काय म्हणता अशा गोष्टींना?

प्रतिसाद:
खोडच म्हणा. आधी लिंगाकडे लक्ष द्या: झाडाचं ते खोड, माणसाची ती खोड. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण बहुतेक दुसऱ्यालाच लावली जाते, आणि 'खोड मोडणे' हेही दुसऱ्याच्याच बाबतीत घडतं. स्वतःची खोड कुणी मोडत नाही, ती फार तर सुटते. त्यामुळे तुम्हाला तो शब्द आरोपासारखा वाटला यात नवल नाही.

पण लोक स्वतःबद्दल हा शब्द कसा वापरतात ते ऐका. 'मला एक वाईट खोड आहे, पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचतो.' खोड मुळात वाईटच असते, 'चांगली खोड' कुणी म्हणत नाही. मग 'वाईट' वेगळं कशाला जोडायचं? कारण सांगणाऱ्याला ती वाईट वाटतच नाही. खरी वाईट खोड असलेला माणूस हे विशेषण लावत नाही. तो म्हणतो, 'माझं जरा तसं आहे.'

प्रतिसाद:
'लकब' कसा वाटतो? छान शब्द आहे आणि त्याला दोषाचा वास नाही.

धागाकर्ती:
शब्द छान आहे, पण इथे लागू पडत नाही. लकब दिसावी किंवा ऐकू यावी लागते: बोलण्याची लकब, मान वेळावण्याची लकब. ती बहुतेक इतरांनाच ठाऊक असते, नकलाकार तिच्यावरच तर जगतात. अरबीत 'लकब' म्हणजे लोकांनी दिलेली उपाधी, किताब. मराठीत येताना अर्थ बराच सरकला, पण ती दुसऱ्यांनी ओळखायची गोष्ट आहे एवढं मात्र टिकलं. माझं कोरं पान कुणाला दिसत नाही हो.

प्रतिसाद:
चक्रमपणा म्हणा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद:
या कुटुंबातले सगळेच शब्द एकदा शेजारी मांडून बघू.

छंद: संस्कृतात इच्छा, मर्जी. 'स्वच्छंद' मध्ये तोच आहे. अर्जातल्या रकान्यात बसणारा आजचा छंद फारच सज्जन झालाय. 'छंदीफंदी' म्हटलं की त्याचा जुना उनाड चेहरा दिसतो. 'छांदिष्ट' मध्ये तर अजूनही कौतुक आणि काळजी अर्धी-अर्धी असते.

नाद: हा लागतो, आणि लागतो तो कुणाच्या तरी संगतीनं. 'नादी लागला' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाच्या? छंदाला असा दोषी शोधावा लागत नाही. म्हणून पोराचा छंद आईबाप चारचौघांत सांगतात, नाद मात्र लपवतात. अपवाद 'नादखुळा'. कोल्हापूरकडच्या बोलीनं नाद आणि खूळ असे दोन्ही संशयित शब्द एकत्र करून त्यांची शाबासकी करून टाकली.

खूळ: याला मुदत असते. 'हे काय नवीन खूळ?' असं विचारतात, 'जुनं खूळ' क्वचितच ऐकलंय. ते डोक्यात शिरतं आणि यथावकाश उतरतं. उतरलं नाही तर त्याला वेड म्हणायला लागतात. आणि वेडाची मात्र माणूस मान वर करून कबुली देतो: 'मला जुन्या नकाशांचं वेड आहे.' याच वाक्यात 'खूळ' घालून बघा, ते वाक्य लगेच बायको किंवा नवरा बोलतोय असं वाटेल.

हौस: अरबी 'हवस'. हिंदीत तोच शब्द वासनेकडे गेला, मराठीत इतका निरागस झाला की 'हौसेला मोल नाही' म्हणत आपण त्याचे लाड करतो. एकाच घरातली दोन भावंडं, पण ओळखही पटू नये.

वहीचं कोरं पान यांतल्या कशातच बसत नाही, हे मान्य.

प्रतिसाद:
तऱ्हा! 'प्रत्येकाची आपली एक तऱ्हा.' अरबी 'तरह', म्हणजे रीत, प्रकार. नुसत्या 'तऱ्हा' मध्ये कसलाही निवाडा नाही. 'तऱ्हेवाईक' म्हटलं की निवाडा आलाच. प्रत्ययानंच घात केला म्हणायचा.

'विक्षिप्त' इथे अजून कुणी आणला नाही याचं आश्चर्य वाटलं. त्या शब्दावर मराठीत अन्याय झालाय. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्यात, खालून वर: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. म्हणजे विक्षिप्त हा क्षिप्त आणि मूढ यांच्या वरचा! मन बहुतेक वेळ विखुरलेलं, पण अधूनमधून स्थिर होणारं. तुमच्याआमच्यासारख्या सगळ्यांचंच वर्णन झालं की हे. आपण मात्र तो शब्द गल्लीतल्या एखाद्याच माणसासाठी राखून ठेवलाय.

धागाकर्ती:
तऱ्हा पटतेय. 'माझ्या काही तऱ्हा' असा मथळा चालेल. आता दुसरी अडचण, नावडींची. आवडी भराभर लिहून झाल्या. नावडी लिहिताना प्रत्येक वाक्य एक तर तक्रार वाटतं नाही तर फतवा.

प्रतिसाद:
जाता जाता एक: आपण 'आवडीनिवडी' म्हणतो तेव्हा त्यात नावड कुठेच नसते. निवड म्हणजे निवडणं. आवडतं ते सांगितलं आणि त्यातलं काय उचललं ते सांगितलं, नावडतं ते शिष्टाचारानं गाळलं. तरी 'आवडीनिवडी काय?' या प्रश्नाला लोक बिनदिक्कत नावडी सांगतात.

प्रतिसाद:
नावडींची खरी गंमत नामांत नाही, क्रियापदांत आहे. जरा सविस्तर लिहितो.

मराठीत 'मी आवडतो' म्हटलं तर मी कुणाला तरी आवडतो असा अर्थ होतो. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी आणि मी 'मला' होऊन बाजूला. राग येतो, कंटाळा येतो, वेड लागतं: सगळं बाहेरून येऊन माझ्यावर बसतं. 'मी द्वेष करतो', 'मी तिरस्कार करतो' अशी रचना आहे, पण ती संस्कृत नाम उचलून 'करणे' जोडून बनवलेली. घरात बोलताना 'मी याचा तिरस्कार करतो' असं कुणी म्हणालं तर ऐकणारा आधी हसेल.

'नावडणे' हे क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलंच. 'नावडता', 'नावडती' तेवढे उरले, तेही मुख्यतः गोष्टीतल्या राण्यांसाठी आणि 'नावडतीचं मीठ अळणी' साठी. पण त्याच्या जागी केवढी उतरंड आहे बघा. 'रुचत नाही' सभ्य, थोडं लेखी. 'पटत नाही' हे डोक्याचं, आवडीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. 'खपत नाही' म्हणायला अधिकार लागतो. 'मला हे खपणार नाही' म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं, निदान तसा भास तरी हवा. तुम्हाला जो फतवा वाटतोय तो बहुधा या 'खपत नाही' आणि 'चालत नाही' मुळे. 'डोक्यात जातं' हे अलीकडचं. त्यात चीड आहे पण अधिकार नाही, म्हणून तरुणांना सोयीचं.

आणि सगळ्यात कामाची ती शक्य क्रियापदं: बघवत नाही, ऐकवत नाही, बसवत नाही. शेजारी बसलेला माणूस पेनचं बटण टकटक वाजवतोय असं समजा. 'मी ऐकत नाही' म्हणजे मी हट्टी. 'मला ऐकू येत नाही' म्हणजे कान गेले. 'मला ऐकवत नाही' म्हणजे आवाज आहे, कान आहेत, पण माझ्याच्यानं ते सहन होत नाही. त्या माणसाला मी दोष दिला नाही, आपली मर्यादा सांगितली. 'मला त्याची चीड येते' म्हटलं असतं तर तो चुकतोय असा दावा झाला असता. चिडीला दुसऱ्याची चूक लागते, तिटकाऱ्याला कारणसुद्धा लागत नाही.

तुमच्या यादीत एक-दोन ठिकाणी हे '-वत नाही' वापरून बघा. तक्रारीचा सूर जातो आणि खरेपणा राहतो.

प्रतिसाद:
वरच्यात भर. 'वीट येणे' हे फक्त आधी भरपूर झालेल्या गोष्टीचंच होतं. जे कधी केलंच नाही त्याचा वीट येत नाही, कंटाळा मात्र येऊ शकतो, करायच्या आधीच. आणि खोडासारखंच इथेही लिंग सांभाळा: वीट आला तर मन उठलं, वीट आली तर बांधकाम सुरू.

धागाकर्ती:
'ऐकवत नाही' नं काम सोपं केलं. 'मोठ्यानं फोनवर बोलणारे लोक आवडत नाहीत' असं लिहिलं होतं. आता 'दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं मला ऐकवत नाही' असं केलं. माणसं सुटली, आवाज राहिला.

आता विशेषणं. विसराळू लिहू की वेंधळी? दोन्ही खरं आहे.

प्रतिसाद:
स्वतःबद्दल असेल तर लोक विसराळूच लिहितात. '-आळू' चा प्रत्यय माणसाला सांभाळून घेतो: झोपाळू, लाजाळू, विसराळू. याचं मूळ संस्कृत '-आलु'. पाणिनीनं दया, निद्रा, तंद्रा, श्रद्धा अशा मोजक्या ठिकाणी तो सांगितलाय (अष्टाध्यायी, म्हणजे त्याचा व्याकरणग्रंथ, ३.२.१५८), आणि ते सूत्र येतं 'तच्छील' या मथळ्याखाली, म्हणजे ज्याचा तो स्वभावच आहे अशा कर्त्यासाठी. माणूस निजला म्हणून निद्राळू नव्हे, निजणं हा त्याचा स्वभाव म्हणून. स्वभाव म्हटला की दोष निम्मा माफ.

उलट फारसीतून आलेला '-खोर' बघा. मुळात 'खाणारा': लाचखोर, चुगलखोर, भांडखोर. 'मी जरा चुगलखोर आहे' असं कुणी लिहिल्याचं पाहिलंय? वेंधळा, धांदरट हे मधले. यांत अपघात दिसतो, सांडलेलं पाणी दिसतं. माझं मत विचाराल तर वेंधळी लिहा. विसराळू असणं हल्ली जरा फॅशनेबल झालंय.

प्रतिसाद:
हे भारी निरीक्षण. कबुली वाटावी पण असावी स्तुती, अशा विशेषणांची वेगळी यादी करायला हवी. 'मी फार भिडस्त आहे' म्हणजे मी इतका चांगला की नाही म्हणता येत नाही. 'मी स्पष्टवक्ता आहे', ज्याला बाकीचे फटकळ म्हणतात. आणि सगळ्यांचा मुकुटमणी: 'मी तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही.' अहो, तुम्ही नाही ठेवत, समोरच्याच्या मनात राहतं त्याचं काय?

इथे 'प्रांजळ' आणि 'रोखठोक' यांतला फरक कामाला येतो. दोघेही खरंच बोलतात. प्रांजळ माणूस स्वतःबद्दल बोलतो, रोखठोक माणूस तुमच्याबद्दल. 'प्रांजळ कबुली' हीच जोडी रूढ आहे. प्रांजळपणे दुसऱ्याचे दोष सांगितले, असं वाक्य कानाला खटकतंच.

प्रतिसाद:
भिडस्ताबद्दल असहमत. भीड खरोखर जाच असते, आणि भिडेपोटी होकार देऊन नंतर रात्रभर कुढणारे बरेच आहेत. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण काही स्तुती म्हणून आली नाही. स्पष्टवक्त्यांना मात्र मोकळं सोडू नका.

धागाकर्ती:
शेवटचं एक. मला माणसं नको असतात असं नाही, पण एकटं असलं की बरं वाटतं. 'इंट्रोव्हर्ट' सगळेच लिहितात, म्हणून नको. 'अंतर्मुख' फार चिंतनशील वाटतं, मी काही चिंतन वगैरे करत नाही. 'एकलकोंडी' त कीव आहे. 'घुमी' म्हणजे मनात काहीतरी शिजतंय. 'माणूसघाणी' तर सरळ शिवीच.

प्रतिसाद:
माणूसघाणा आता विनोदानं मिरवतात, पण बायकांना तो शब्द अजून टोचतो, हे खरं. विशेषण सोडून द्या. 'मी एकटी रमते' लिहा. गंमत म्हणजे आवडण्याच्या या सगळ्या गोतावळ्यात 'रमणे' त 'मला' लागत नाही, 'मी' च लागतो. आवड माझ्यावर येऊन बसत नाही, मीच तिच्यात जाऊन बसते.

धागाकर्ती:
हे घेतलं. 'रुळणे' पण तसंच ना? 'मी रुळले.'

प्रतिसाद:
रचना तीच, पण अर्थ बघा. रुळणं सक्तीचंही असू शकतं. बदली झाली की माणूस तिथे रुळतोच, रमतोच असं नाही.