ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात कूलंट मिसळले आहे: तेल बदलून भागेल की गिअरबॉक्स उघडावाच लागेल?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्या देखरेखीखाली एक मालवाहू ट्रक आहे. त्याला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. काही काळापासून कूलंटची पातळी हळूहळू खाली जात होती, परंतु बाहेर कुठेही ओल नव्हती आणि इंजिनचे तेलही स्वच्छ होते, त्यामुळे हेड गॅसकेटचा (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा) संशय मागे पडला. त्यानंतर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला बारीक थरथर जाणवू लागली, म्हणून गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढून पाहिली, तर पारदर्शक लाल तेलाऐवजी दुधाळ गुलाबी, फेसाळ द्रव वर आला. एक्स्पान्शन टाकीचे झाकण उघडले असता त्याच्या आतल्या बाजूला तांबूस तेलकट थर साचलेला आढळला.

गाडी तेव्हापासून वर्कशॉपच्या आवारात उभी आहे. एका मेकॅनिकचे म्हणणे आहे की रेडिएटर बदलून तेल दोन-तीनदा फिरवून काढले म्हणजे काम होईल, तर दुसऱ्याच्या मते गिअरबॉक्स पूर्ण उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. खर्चातील तफावत मोठी आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, आणि दोष रेडिएटरचाच आहे याची खात्री कशी करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

गाडी उभी ठेवलीत हे उत्तम झाले. आता ती जागेवरून हलवण्यापुरतीही सुरू करू नका, कारण इंजिन फिरताच गिअरबॉक्समधील पंप तेच मिश्रण प्रत्येक क्लचपर्यंत पुन्हा पोहोचवतो. टोचन करून न्यावी लागली तर चालकचाके उचलून घ्या किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे आतले भाग वंगणाविना घासले जातात.

हे कसे घडते ते समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. बऱ्याच ट्रकांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच बसवलेला असतो, म्हणजे तेल आणि कूलंट यांच्यामध्ये केवळ एक पातळ धातूची भिंत असते. ती भिंत गंजून किंवा सांध्याजवळ तडकून फुटली की इंजिन चालू असताना तेलाचा दाब सहसा जास्त असल्यामुळे तेल कूलंटमध्ये शिरते. इंजिन बंद केल्यावर मात्र तेलाचा दाब शून्यावर येतो, तापलेल्या रेडिएटरमधील दाब टिकून राहतो आणि कूलंट तेलाच्या बाजूला ढकलले जाते. आपल्याला दोन्हीकडे मिश्रण सापडले, ते यामुळेच.

खरे नुकसान कूलंटमधल्या पाण्यापेक्षा त्यातले ग्लायकॉल (गोठणरोधक द्रव) करते. क्लच प्लेटवरचे घर्षण-अस्तर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे असते आणि ते पोलादी चकतीवर चिकटवलेले असते. अस्तर पाणी शोषून मऊ पडते, तर ग्लायकॉल त्या गोंदाचीच पकड सैल करते. त्यामुळे वरवर चांगली दिसणारी प्लेट काही आठवड्यांनी भाराखाली अस्तर सोडू लागते. थरथर हे बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच (एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) घसरू लागल्याचे लक्षण आहे, आणि थरथर जाणवली याचा अर्थ मिश्रण कालपरवाचे नाही. अ‍ॅलिसन या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या अवजड गिअरबॉक्सच्या पुस्तिकांत तर स्पष्ट सूचना आहे की कूलंट शिरल्यास गिअरबॉक्स पूर्ण सुटा करून स्वच्छ करावा आणि ग्लायकॉल लागलेल्या घर्षण-प्लेट बदलाव्यात. माझेही मत तेच आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील कारणमीमांसा मला पूर्ण मान्य आहे, तरीही प्रत्येक गाडीला एकच न्याय लावू नये असे मला वाटते. कूलर फुटल्यावर लगेच लक्षात आले, गाडी जवळजवळ चाललीच नाही आणि गिअर पडताना कोणताही बदल जाणवला नाही, अशा वेळी तातडीने तेल पूर्ण बदलून गिअरबॉक्स वाचल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मात्र ‘पूर्ण’ या शब्दावर भर आहे. चेंबरचा (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्राचा) बोल्ट सोडून तेल काढले तर अनेक गिअरबॉक्समध्ये निम्म्यापेक्षाही कमी तेल बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. एका वेळी ४० टक्के तेल बदलले जाते असे धरले, तर तीन वेळा बदलूनही मूळच्या मिश्रणाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग आत शिल्लक असतो. म्हणून ‘दोन-तीनदा फिरवून काढू’ या आश्वासनावर विसंबू नका.

योग्य रीत अशी की प्रथम दोष दूर करावा, चेंबर उतरवून फिल्टर बदलावा, मग कूलरकडून परत येणारी नळी सोडवून इंजिन थोडाच वेळ चालवावे, एक-दोन लिटर तेल भांड्यात आले की इंजिन बंद करून तितकेच ताजे तेल भरावे आणि नळीतून स्वच्छ लाल तेल येईपर्यंत हे करत राहावे. प्रत्येक वेळी निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कटाक्षाने टाळावा.

आपल्या गाडीत थरथर सुरू झालेली आहे, त्यामुळे हा मार्ग आपल्याला लागू पडेल याची आशा कमी आहे. चेंबर उतरवून त्यातला गाळ पाहा. लोहचुंबकावर राखाडी, मलईसारखा मऊ लेप असणे हे नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे. पण तपकिरी कपचे, तंतू किंवा गंजाचा तांबूस थर दिसला तर तेल बदलण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

प्रतिसाद ३ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चेंबर उद्या उतरवून घेतो. एक शंका आहे: रेडिएटर बदलल्यानंतर गाडी चांगली तापवून चालवली तर आतले पाणी वाफ होऊन निघून जाईल, असे एका अनुभवी चालकाने सुचवले. यात तथ्य आहे का?

प्रतिसाद ४

पाण्यापुरते थोडेफार तथ्य आहे, ग्लायकॉलच्या बाबतीत अजिबात नाही. इथिलीन ग्लायकॉल सुमारे १९७ अंश सेल्सिअसला उकळते आणि गिअरबॉक्सचे तेल त्याच्या जवळपासही तापू देणे परवडणारे नसते. पाणी उडून गेले की डिपस्टिकवरचा दुधाळपणा कमी होतो, सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटते, आणि मागे राहिलेले ग्लायकॉल आपले काम करतच राहते. म्हणून रंग सुधारला यावर भरवसा ठेवू नये. उलट, पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून जाताना ब्रीदरवाटे (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रावाटे) आत शिरलेल्या पाण्यानेही तेल असेच दुधाळ होते, पण त्यात ग्लायकॉल नसते. हा फरक रंगावरून कळत नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन ग्लायकॉल, तसेच कूलंटमधल्या गंजरोधक रसायनांतून येणारे सोडियम आणि पोटॅशियम यांची तपासणी मागा, आणि सोबत त्याच तेलाचा न वापरलेला नमुना द्या, म्हणजे तुलना करता येईल. आपल्या बाबतीत कूलंट कमी होत होते आणि टाकीत तेल आहे, तेव्हा शंकेला फारशी जागा नाही.

दोष कुठे आहे याची चाचणी गार इंजिनवरच करा. रेडिएटरला जोडलेल्या तेलाच्या दोन्ही नळ्या सोडवा, नळ्यांची टोके बंद करा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावा आणि झाकणावर छापलेल्या मर्यादेइतकाच, म्हणजे सहसा एक बारच्या आसपास, दाब द्या. मग कूलरच्या उघड्या जोडांखाली कोरडा कागद ठेवून थांबा. जोडातून कूलंटचा थेंब आला की निदान पक्के झाले. थेंब न आल्यास मात्र कूलर निर्दोष ठरत नाही, कारण काही तडे धातू तापून प्रसरण पावल्यावरच उघडतात. आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्या: काही ट्रकांत कूलर रेडिएटरमध्ये नसून गिअरबॉक्सजवळ स्वतंत्र बसवलेला असतो. तशी रचना असेल तर रेडिएटर बदलणे व्यर्थ ठरेल आणि गळती तशीच राहील.

प्रतिसाद ५ (प्रश्नकर्ता)

कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीतच आहे. पंपाने दाब दिल्यावर थोड्याच वेळात तेलाच्या एका जोडातून हिरवट कूलंट ठिबकू लागले. चेंबर उतरवल्यावर तळाशी गुलाबी चिखलासारखा थर होता आणि चुंबकाभोवती तपकिरी कपचे अडकलेले होते. त्यातला एक बोटांत चुरडला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटला. गिअरबॉक्स उघडण्याचे ठरवले आहे. काम देताना कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा?

प्रतिसाद ६

निर्णय योग्य आहे. सर्व घर्षण-प्लेट, सर्व सील आणि फिल्टर बदलले जातील हे आधीच लेखी ठरवून घ्या. ‘चांगल्या दिसतात त्या प्लेट ठेवू’ हे ऐकून घेऊ नका. अनेक ट्रकांत टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो आणि त्यातले लॉक-अप अस्तर बाहेरून धुऊन वाचत नाही, म्हणून तो बदलावा किंवा कापून नव्याने तयार केलेला घ्यावा. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) सुटी करून धुवावी, सोलेनॉइड (तिच्यातले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) तपासावेत आणि विजेचे जोड गिअरबॉक्सच्या आत असतील तर त्यांवर गंज चढला आहे का ते पाहावे. बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडले असल्यास तीही बदलावीत.

नव्या रेडिएटरसोबत तेलाच्या नळ्याही नव्या टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण जुन्या नळीत अडकलेला एखादा कपचा नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसतो. रेडिएटरमधला कूलर वगळून रेडिएटरपुढे हवेने थंड होणारा स्वतंत्र कूलर बसवणे हाही मार्ग आहे, आणि त्याने हा दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यताच संपते. तो गाडीच्या भाराला पुरेल एवढ्या क्षमतेचा हवा. थंड हवेत मात्र तेल तापायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे.

कूलंटच्या बाजूकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तेथे गेलेल्या तेलाने होजपाइपचे रबर फुगून मऊ पडते, म्हणून संपूर्ण प्रणाली तेल काढणाऱ्या क्लीनरने धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळून, थर्मोस्टॅट, झाकण आणि दाबल्यावर पिलपिलीत लागणारा प्रत्येक होज बदलावा. हीटरची नळी यात हमखास विसरली जाते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर काही आठवड्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना पुन्हा तपासून घ्यावा. त्यात सोडियम किंवा पोटॅशियम ताज्या तेलापेक्षा वाढलेले दिसले, तर एखादा भाग नीट धुतला गेलेला नाही किंवा गळती अजून सुरू आहे असे समजून गाडी त्याच दिवशी थांबवावी.