मदत हवी आहे: व्हाइट रिम ट्रेल, ३ दिवस, सोबत गाडी नाही. पाण्याचं गणित जमत नाहीये

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोघांनी सायकलने व्हाइट रिमचा कच्चा रस्ता (कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क, युटा) करायचं ठरतंय. सुमारे १६० किमीचा लूप, दोन मुक्काम. बरेचजण पाणी आणि सामान वाहायला फोर-व्हील ड्राइव्ह गाडी सोबत ठेवतात. आम्हाला सगळं सायकलवरच न्यायचंय. सायकली हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर.

सध्याचा आराखडा असा: मिनरल बॉटमकडून खाली ग्रीन नदीकडे उतरायचं, पहिला मुक्काम नदीकाठी पोटॅटो बॉटमला, दुसरा गूजबेरी, तिसऱ्या दिवशी शेफरचा घाट चढून वर.

प्रश्न तीन. माणशी किती पाणी धरावं? ते सायकलवर कुठे ठेवावं? आणि ग्रीन नदीचं पाणी भरवशाचं आहे का?

प्रतिसाद १

आधी दिशा बदला. तुमच्या आराखड्यात नदी सुरुवातीलाच येते. तिथून पुढे शंभरेक किमी कोरडे, आणि शेवटी शेफरचा ४५० मीटरचा चढ, तोही पाणी संपत आलेलं असताना. उलट बाजूने निघालात तर व्हिजिटर सेंटरला नळाचं पाणी भरून शेफर उतरता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नदी गाठता आणि मिनरल बॉटमचा नागमोडी घाट हलक्या सायकलने चढता.

अंतरं साधारण अशी: पहिला दिवस गूजबेरीपर्यंत ४८ किमी, दुसरा पोटॅटो बॉटमपर्यंत ५९, तिसरा ५३. तिसऱ्या दिवसात मिनरल बॉटमवरून वर आल्यावरचा वीसेक किमी कच्चा रस्ता आणि मग डांबरी रस्ता धरलाय.

माणशी पाणी: पहिल्या दिवशी चालवताना ४ लिटर, मुक्कामाला (स्वयंपाक आणि सकाळचा चहा धरून) २.५, दुसऱ्या दिवशी ४.५. हे झाले ११. त्यावर २ लिटर राखीव. म्हणजे १३ लिटर, १३ किलो. राखीव दोन लिटरना पोटॅटो बॉटमच्या आधी हात लावायचा नाही. तिथे काठावर टॅमॅरिस्कची दाट झुडपं आणि चिखल असतो, पाण्यापर्यंत उतरता आलं नाही तर तेच कामाला येतं. लॅथ्रॉप कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीपर्यंत रस्ता जातो खरा, पण जितकं उतराल तितकं परत चढायचं. पाण्यासाठी तो धरू नका.

मांडणी: पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही बाजूंना दीड-दीड लिटर, डाउनट्यूबखाली (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीखाली) १, फ्रेमबॅगमध्ये (फ्रेमच्या त्रिकोणातल्या बॅगेत) ४, मागच्या कॅरिअरवर ३, पाठीवर २. फ्रेमबॅगमध्ये चार लिटरची एक पिशवी नको, दोन-दोनच्या दोन घ्या. एक फुटली तरी दुसरी उरते, आणि फुगलेली पिशवी गुडघ्याला घासत नाही. हँडलबार रोलमध्ये (हँडलला बांधलेल्या गुंडाळीत) पाणी ठेवूच नका, वाळूत चाक वळवताना हँडल हातातून सुटतं.

प्रतिसाद २

दिशेबद्दल सहमत. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशी मर्फी हॉगबॅकचा चढ अजून भरलेल्या सायकलने येतो. तिथे ढकलावं लागेल हे धरूनच वेळ मोजा. ऑक्टोबरात उजेड साडेअकरा तासांच्या आसपास, म्हणून गूजबेरीहून उजाडताच निघा.

फोर्कच्या केजचे (बाटली धरणाऱ्या पिंजऱ्याचे) बोल्ट हा सगळ्यात कच्चा दुवा. रस्ता बराचसा पांढऱ्या वालुकाश्माच्या उघड्या थरावरून जातो. त्यातल्या पायऱ्यांवरून चाक सतत आपटतं आणि बोल्ट ढिले होतात. निघण्याआधी थ्रेडलॉकर (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, रोज सकाळी ॲलन की फिरवून बघा. बाटली नुसत्या केजच्या भरवशावर नको, दोन पट्टे हवेत. पट्टा फ्रेमला टेकतो तिथे टेप लावा. पट्ट्याखाली अडकलेली वाळू दिवसभरात रंग खरवडून काढते.

टायरमध्ये हवेचा दाब सामान भरलेल्या सायकलला २२ ते २५ पीएसआय, वाळूत २–३ कमी. सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) प्रत्येकी १०० मिली आणि तेही ताजं, कोरड्या हवेत लवकर आटतं. सोबत दोन ट्यूब, प्लग, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), क्विक लिंक (साखळीची जोडकडी), ब्रेक पॅडची एक जोडी. शेफरच्या उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, म्हणजे रोटर (ब्रेकची चकती) निवतो.

परवाना मुक्कामाला लागतोच, एका दिवसाच्या फेरीलाही लागतो. मुक्काम फक्त आरक्षित जागेवर, लाकडाची शेकोटी बंद. ऑक्टोबरच्या जागा लवकर भरतात, तेव्हा आधी आरक्षण, मग बाकी खरेदी. सायकल रस्ता सोडून कुठेही उतरवू नका. कडेला काळपट, बारीक उंचवट्यांची जी माती दिसते ती जिवंत आहे. एका चाकाचा चरा भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

धागाकर्ता

दिशा बदलली, धन्यवाद. नदीचं पाणी गढूळ असतं असं वाचलं. होलो-फायबर (पोकळ तंतूंचा) फिल्टर पुरेल?

प्रतिसाद १

थेट लावलात तर काही लिटरमध्येच तुंबेल. घडीच्या बादलीत १० लिटर घ्या, पाव चमचा तुरटीची पूड घालून मिनिटभर ढवळा आणि हलवू नका. गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसतात. तासाभरात वरचं पाणी निवळलं नाही तर रात्रभर राहू द्या. वरचं अलगद काढून मग फिल्टर. क्लोरीनच्या गोळ्याही निवळल्यावरच टाका, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. फिल्टर उलटा धुवायची सिरिंज विसरू नका. रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं तर तंतू फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

पोटॅटो बॉटमला बाटल्या-पिशव्या पूर्ण भरू नका. पुढे लगेच हार्डस्क्रॅबलचा चढ आहे. माणशी ३ लिटर पुरे, मिनरल बॉटमला नदी पुन्हा मिळते.

प्रतिसाद २

एक राहिलं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मिनरल बॉटमच्या वरचा कच्चा रस्ता चिकट होतो. चिखल टायर आणि फ्रेममध्ये बसून चाक जाम करतो. निघायच्या सकाळी रेंजरना रस्त्याची आणि नदीच्या पातळीची स्थिती विचारा. नदी फुगली की खालचा रस्ताही काही ठिकाणी पाण्याखाली जातो. फोनला रेंज धरू नका, सॅटेलाइट मेसेंजर न्या.