खाटा मोजून नर्स ठरवू नका
कॅज्युअल्टीतल्या (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या) नर्स खाटांच्या हिशोबाने नेमाव्यात, अशी एक सूचना आहे. मला ते धोक्याचं वाटतं. कॅलिफोर्नियात २००४ पासून लागू असलेला नियम पाहा, तो खाटा नाही, रुग्ण मोजतो: इमर्जन्सीत ४ रुग्णांमागे किमान १ नर्स, अतिदक्षतेची गरज असेल तर २ मागे १, गंभीर ट्रॉमा (अपघातासारखी मोठी इजा) असेल तर एकास एक. ट्रायाजची नर्स (आलेल्या रुग्णांची गंभीरता पाहून क्रम ठरवणारी) यात धरत नाहीत. जेवणाच्या सुट्टीतही हे प्रमाण पाळावं लागतं, म्हणजे बदली नर्स हवीच (आपल्याकडे हेच सर्रास विसरलं जातं).

खरा ताण मात्र वॉर्डात खाट न मिळाल्याने कॅज्युअल्टीतच अडकलेल्या रुग्णांचा. त्यांची वेळेवरची औषधं, सलाईन, लघवीचं माप, कूस बदलणं सांभाळता सांभाळता नव्या रुग्णाचा ईसीजी लांबतो. छातीत दुखत असेल तर तो १० मिनिटांत निघायला हवा. म्हणून खाटेअभावी अडकलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र नर्स नेमा.