‘शैक्षणिक कौशल्ये’ नेमकी कुणाची?

टिपणवही
मंडळी, एका शब्दापायी माझा अख्खा शनिवार वाया गेला, म्हणून इथे आले.

रत्नागिरीच्या आसपास एका बी.एड.-एम.एड. महाविद्यालयात शिकवते. एम.एड.ला लघुप्रबंध लिहावा लागतो आणि तिथे मुलं हटकून अडतात. वाचताना टिपणं कशी काढायची, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं, संदर्भ कुठे द्यायचा, सूची कशी लावायची, एवढ्याचसाठी एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. बाहेरच्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी असं काही ना काही सतत चालू असतं. तिथल्याच एका पत्रकातल्या ‘अकॅडेमिक स्किल्स वर्कशॉप फॉर ग्रॅज्युएट स्टुडंट्स’चं मराठी करून मी पोस्टरवर घातलं: ‘शिक्षणशास्त्राच्या पदवीधर विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक कौशल्य कार्यशाळा’.

साडेदहाला हॉलमध्ये गेले तर नऊ जणी चार्टच्या गुंडाळ्या घेऊन बसलेल्या. एकीने थर्माकोलचं हृदय आणलं होतं, निळ्या-लाल शिरांसकट. मला विचारते, “मॅडम, फलकलेखन कौशल्य आहे की प्रश्न कौशल्य? चेतक बदल असेल तर माझी तयारी नाही.” मागच्या बाकावर जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की हजेरीचं प्रमाणपत्र मिळेल का आणि आजचा दिवस ऑन ड्युटी धरतील का.

पुढची कार्यशाळा पंधरा दिवसांनी आहे. पोस्टर बुधवारी छापायला द्यायचंय. ‘शैक्षणिक’ऐवजी काय लिहू?

शंकासुर
मुलींचं काही चुकलेलं नाही. बी.एड. केलेल्या माणसापुढे ‘कौशल्य’ म्हटलं की त्याला सूक्ष्म अध्यापनच आठवणार, म्हणजे फळ्यावर लिहिणं, प्रश्न विचारणं, आवाज-हालचाल बदलत शिकवणं (चेतक बदल) अशा एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ. १९६३ साली स्टॅनफर्डला ते सुरू झालं आणि आपल्याकडे आलं ते घड्याळ लावूनच: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, परत ६, परत ६. छत्तीस मिनिटांत एक कौशल्य पदरात. ज्यांनी हे केलंय त्यांच्यासाठी तो शब्द कायमचा अडकून पडलाय. ‘शैक्षणिक’ बदलून काही होणार नाही, आधी ‘कौशल्य’ काढा.

देवगडकरीण
शंकासुर, नाही हो. घोळ ‘शैक्षणिक’मध्येच आहे, माझ्याकडे पुरावा आहे.

माझ्या एम.एड.च्या वेळी मार्गदर्शक सर म्हणाले, “तुमच्या विषयाशी संबंधित शैक्षणिक साहित्याचा आढावा घेऊन या.” मी तेव्हा शाळेत नोकरी करत होते. आम्हा शिक्षकांना शैक्षणिक साहित्य म्हणजे काय? नकाशे, मणी, शब्दपट्ट्या, पृथ्वीगोल. मी आमची आणि केंद्रातल्या आणखी चार शाळांची कपाटं उघडून चौदा पानी आढावा लिहून नेला. पृथ्वीगोल एक, आस मोडलेली. महाराष्ट्राचा नकाशा, कोकण वाळवीने खाल्लेलं. सरांनी शेवटपर्यंत वाचला हो! मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, हे छान आहे, पण हे डेडस्टॉक रजिस्टर झालं. मला आधीचं संशोधन हवं होतं.”

तेव्हापासून मी ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’च म्हणते.

वाशिष्ठीकाठी
कोकण वाळवीने खाल्लेलं 😄

भाट्येकर
मुळात दोन वेगळ्या कल्पनांना आपण एकच शब्द देऊन बसलोय. शिक्षण या विषयासंबंधीचं ते एक, आणि ज्ञानाच्या, विद्यापीठीय व्यवहारातलं ते दुसरं. ‘शैक्षणिक वर्ष’ चालून जातं कारण तिथे गोंधळाला वाव नाही. पण शिक्षणशास्त्राच्याच विभागात दोन्ही अर्थ एका खोलीत बसतात, मग ताईंच्या हॉलमध्ये झालं ते होणारच.

उत्तर विद्यापीठाच्या कायद्यातच आहे. विद्यापीठाच्या ‘अकॅडेमिक कौन्सिल’ला आपण ‘शैक्षणिक परिषद’ म्हणत नाही, ‘विद्यापरिषद’ म्हणतो. तोच धागा धरून ‘विद्याविषयक कौशल्ये’ किंवा नुसतं ‘विद्याकौशल्ये’ म्हणा. सुटसुटीत आहे, आपलं आहे.

पडवीतला
‘विद्याकौशल्ये’ वाचून मला वाटलं कुणा विद्याताईंचे शिवणक्लास आहेत.

सरळ ‘अकॅडेमिक’ लिहा की. मुलं तेच बोलतात.

भाट्येकर
मुलं बोलतात ते सगळं पोस्टरवर लिहायचं तर मग भाषा शिकवताच कशाला? ‘तारीख’, ‘नंबर’ असं बोलणाऱ्यांच्याच मुलखात ‘दिनांक’, ‘क्रमांक’ रुजले. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथूनच चालवली. आज प्रत्येक अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात दिनांक असतो, कुणाला तो जड जात नाही. शब्द आधी अनोळखीच असतो.

शंकासुर
आणि ‘झरणी’? तोही त्यांचाच शब्द. फाउंटन पेनला आज कोण झरणी म्हणतं? पेनं गेली, झरणी त्याआधीच गेली. शब्द रुजतो की नाही हे शब्द शुद्ध आहे की नाही यावर ठरत नाही.

दुसरं, कवी माधव जूलियन. १९२५ ला फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. फारसी शब्द घालवायचे तर आधी सगळे माहीत हवेत, हे मात्र त्यांना पक्कं कळलं होतं. आजच्या शुद्धिवाल्यांचं तसं नाही.

भाट्येकर
शेवटचं वाक्य मला उद्देशून असेल तर पावलं.

पडवीतला
अकॅडेमिकची एक अडचण मात्र मलाच आठवली. आमच्या तालुक्यात ‘अकॅडमी’ म्हणजे पोलीसभरती. पहाटे पाचला मैदानावर गोळाफेक. ‘अकॅडेमिक कौशल्य’ लिहिलंत तर सोळाशे मीटर धावणारी पोरं येतील. सपशेल माघार.

पण ‘कार्यशाळा’ शब्दावर कुणीच कसं बोलत नाही? माझे वडील एसटीत मेकॅनिक. विभागीय कार्यशाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत तो शब्द होता, मी वाचायला शिकलो त्यातला एक. आत ग्रीसचा वास, जॅकवर चढवलेली लालपरी, इंजिनाखालून बाहेर आलेले वडिलांचे पाय. कॉलेजात पहिल्यांदा ‘कविता कार्यशाळा’ असा फलक पाहिला तेव्हा मी खरंच थबकलो होतो. वडील स्वतः मात्र कधी कार्यशाळा म्हणाले नाहीत. “वर्कशॉपला जातो.” कार्यशाळा फक्त फाटकावर.

देवगडकरीण
मग टिपणवहीताईंच्या कार्यशाळेतही गाड्याच दुरुस्त होतायत की. लघुप्रबंधाच्या.

रोह्याची
‘पदवीधर’ हीसुद्धा चूकच आहे ना? त्या पत्रकात पदवीनंतर शिकणारे अभिप्रेत असणार. आपल्याकडे त्यांना पदव्युत्तर म्हणतात. पदवीधर म्हणजे एक तर जिल्हा परिषदेचे सहावी ते आठवीचे ‘पदवीधर शिक्षक’, नाहीतर कोकण पदवीधर मतदारसंघाचे मतदार. ते दोन गुरुजी बिचारे बरोबर वाचून आले होते.

टिपणवही
हो, ‘पदव्युत्तर’ मान्य. माझीच घाई.

पण कार्यशाळेच्या आतलेही शब्द अडतात, तेही विचारते. उताऱ्याचा आशय आपल्या भाषेत मांडणे, याला एक शब्द हवा आहे. पुस्तकांत ‘अर्थविवरण’, ‘भावार्थलेखन’ दिसतं. मुलांना त्यातून काही कळत नाही. आणि दुसऱ्याचं लेखन उचलण्याबद्दलच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांबद्दल सांगताना (१० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० च्या वर गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द) मी ‘वाङ्मयचौर्य’ म्हणते, तर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मी वाङ्मय नाही घेतलं, तक्ता घेतलाय.”

शंकासुर
मुलगा हुशार आहे. त्याला पास करा.

‘उचलेगिरी’ म्हणा. वाङ्मय, तक्ता, आलेख सगळं त्यात बसतं आणि लाजही वाटते. ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द इतका भरजरी आहे की केल्याचा अभिमान वाटावा.

देवगडकरीण
‘शैक्षणिक साहित्याची चोरी’ तर मुळीच म्हणू नका. मोडक्या आसाचा तो पृथ्वीगोल खरंच चोरीला गेला नंतर.

आणि आशय आपल्या भाषेत मांडण्याला नवा शब्द कशाला? पहिलीपासून प्रत्येक धड्याखाली असतं, ‘तुमच्या शब्दांत लिहा’. कल्पना तीच. फक्त शाळेत ‘तुमच्या शब्दांत’ म्हणजे गाइडातल्या शब्दांत, ही सवय एम.एड.पर्यंत येते आणि तिथे टक्के मोजणारं सॉफ्टवेअर भेटतं.

रोह्याची
याहून मोठा घोळ ‘गृहीतक’ आणि ‘परिकल्पना’ यांचा आहे. जे तपासायचं नसतं ते गृहीतक, जे तपासायचं असतं ती परिकल्पना, असं आम्हाला शिकवलं. पण दुसऱ्या पुस्तकात तपासायच्या गोष्टीलाच गृहीतक म्हटलंय, तिसऱ्यात ‘अभ्युपगम’. तोंडी परीक्षेत परीक्षक कुठलं पुस्तक वाचून आलेत त्यावर निकाल. यावर कुणी बोलेल का?

भाट्येकर
रोह्याच्या ताई, त्यावर वेगळा धागा काढू.

शंकासुरांना एकच सांगतो. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेल्या प्राचीन आकृत्यांना ‘कातळशिल्प’ म्हणू नये, ती शिल्पं नव्हेत, खोदचित्रं आहेत, असं मीच तावातावाने म्हणत असे. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि आता मीही पाहुण्यांना घेऊन जातो ते ‘कातळशिल्पं’ बघायलाच. तेव्हा वापर मला कळत नाही असं समजू नये. पण ‘कातळ’ आणि ‘शिल्प’ दोन्ही आपल्या घरचे शब्द होते. ‘अकॅडेमिक’चं तसं नाही.

पडवीतला
‘शैक्षणिक’ एका अर्थाला आणि ‘शैक्षिक’ दुसऱ्याला, अशी वाटणी केली तर?

भाट्येकर
शैक्षिक हिंदीतलं आहे.

पडवीतला
भावाभावांत वाटणी होते तशी एका णकाराची केली, एवढंच.

वेंगुर्ल्याचो
गजाली रंगल्यो खऱ्यो, पण त्या मॅडमांका पोस्टर बुधवारी देवचां आसा. कोणाक आठवण आसा काय?

वाशिष्ठीकाठी
आहे, आहे. ‘अभ्यासकौशल्ये’ लिहा ना. नाहीतर ‘टिपण ते प्रबंध’.

पण टिपण म्हणजे नक्की काय हेही मुलांना सांगावं लागेल. बी.एड.ला आम्ही काढायचो ते ‘टाचण’, पाठाचं. वाचनालयात बसून काढायचो ते ‘टिपण’. आमच्या चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ पासूनचं, तिथल्या लांब टेबलावर बसून मी चार वह्या भरल्या होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरातल्या सगळ्या वह्या गेल्या. चिखलाचा लगदा झाला, पानं सुटी करताच आली नाहीत. ‘टिपण’ म्हटलं की मला टीपकागद आठवतो, पाणी शोषणारा. टाचण मात्र कुठून आलं? टाचेवरून?

पडवीतला
टाचेचा काय संबंध! आमचे वकील मामा शपथेवर सांगायचे की मालमत्तेवर ‘टाच’ येते ती इंग्रजी ‘अटॅच’वरून, आणि टाचणही त्यातलंच, कागदाला कागद अटॅच. पुरावा मागितला की म्हणायचे, “फी भर, मग सांगतो.”

शंकासुर
मामांच्या अशिलांची काळजी वाटते. ‘टाचणी’ तरी आठवा हो.

देवगडकरीण
आईला फोन केला. ती चाळीस वर्षं शिवणकाम करते. तिचं म्हणणं, कापड आधी लांब लांब धाग्याने टाचून घ्यायचं, म्हणजे सरकत नाही. मग मशीनवर त्याच्या बाजूने टीप मारायची. मग टाचलेला दोरा ओढून काढायचा.

बघा म्हणजे! टाचणही शिवणातलं आणि टीपही शिवणातली. पाठाचं टाचण म्हणजे तात्पुरतं धरून ठेवलेलं. आणि तळटीप म्हणजे खालच्या काठाला मारलेली टीप!

भाट्येकर
टाचणाबद्दल मातोश्रींना पूर्ण अनुमोदन. पण तळटिपेतली टीप संस्कृत ‘टिप्पणी’कडून आलेली, तिचा मशीनच्या टिपेशी संबंध जोडणं म्हणजे नुसत्या नादावरून सोयरीक ठरवणं.

देवगडकरीण
असू दे. मी विद्यार्थ्यांना असंच सांगणार. संदर्भ दिला नाही तर काठ उसवतो, हे त्यांना टिप्पणीपेक्षा लवकर कळेल.

टिपणवही
पोस्टर आजच गेलं छापायला. वर ‘लघुप्रबंध लिहिताना’, त्याखाली ‘एम.एड. प्रथम व द्वितीय वर्षासाठी’. शैक्षणिक नाही, कौशल्य नाही, कार्यशाळाही नाही. तळाला बारीक अक्षरांत: ‘स्वतःची टिपणवही आणावी. चार्ट आणू नयेत.’

थर्माकोलचं हृदय अजून स्टाफरूममध्येच आहे. नेतच नाही ती.

वाशिष्ठीकाठी
छान झालं. देवगडकरीण, आईंना एक विचारा ना, टाचलेला दोरा शेवटी काढायचाच असतो का? कारण आम्हाला तर सगळी टाचणं परीक्षेपर्यंत सांभाळून ठेवायला लावायचे, एकही फाटलेलं चालायचं नाही.

शंकासुर
परीक्षेपर्यंत? माझी दोन्ही वर्षांची अजून माळ्यावर आहेत. लाल शाईतल्या शेऱ्यांसकट, वाळवीने ठेवली आहेत तेवढी.