स्वेडच्या लोफर्सवर बुरशी + तेलाचा डाग, घरच्या घरी काही होईल का?

डोंबिवलीकर_सूनबाई

नमस्कार मंडळी, बुटांचा प्रश्न कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथेच विचारतेय. नवऱ्याचे टॅन रंगाचे स्वेडचे लोफर्स आहेत, दिराच्या लग्नासाठी घेतलेले, चांगले महागातले. त्याच लग्नात बुफेच्या गर्दीत कुणाच्या तरी ताटातली तर्री उजव्या बुटाच्या पुढच्या भागावर सांडली, तेव्हा टिश्यूने टिपलं आणि नंतर ते बूट खोक्यात घालून जे कपाटात गेले ते आता दिवाळीची आवराआवर काढली तेव्हाच बाहेर आले. वरती पांढरी बुरशी, तर्रीचा डाग काळपट झालाय, कडेने पिवळट, आणि वास तर विचारू नका. नवरा म्हणतो फेकून दे, मला जिवावर येतंय.

सासूबाई म्हणतात खोबरेल तेल चोळ आणि उन्हात ठेव, त्या त्यांच्या चामड्याच्या चपला तशाच ठेवायच्या आणि त्या खरंच टिकायच्या. यूट्यूबवर एक जण व्हिनेगर सांगतो, एक शाम्पू, एका बाईने तर सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकले. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगवाल्याने लांबूनच नमस्कार केला. भाऊबीजेपर्यंत घालण्यालायक व्हावेत एवढीच अपेक्षा आहे. कुणी खरंच करून बघितलंय का?

हॉस्टेलची_पोर

मशीनमध्ये नका टाकू प्लीज!! रूममेटच्या बुटांचे पापड झाले होते. सुक्या मातीच्या डागांवर साधा पांढरा खोडरबर चालतो, अप्सरा नटराज कुठलाही, फक्त रंगीत नको, त्याचा रंग उतरतो. बुरशीचं माहीत नाही.

चामड्यातला_माणूस

ताई, आधी तेल खाली ठेवा, मग बोलू.

सासूबाईंचं त्यांच्या जागी बरोबर आहे हां. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा असलं वापरून कमावलेलं, वरची बाजू गुळगुळीत, त्याला तेल पाजलं की मऊ राहतं. स्वेड म्हणजे कातड्याची आतली, मांसाकडची बाजू, घासून घासून तिची लव वर काढलेली असते. त्या लवेला तेल लागलं की ती चिकटून बसते आणि रंग गडद होतो, म्हणजे तुमचा तर्रीचा डाग आहे तसाच अख्खा बूट होईल. पॉलिश, व्हॅसलिन, लेदर क्रीम सगळं त्याच कारणासाठी बाद.

आधी खरा स्वेड आहे ना ते बघा. आतल्या शिवणीजवळ कापलेली कड दिसते तिथे निरखा, खऱ्याला तंतू तंतू आणि थोडे वेडेवाकडे दिसतात, नकलीला मागून कापडाचं सरळ विणकाम दिसतं. खरा असेल असं धरून पुढचं सांगतो.

बुरशी पहिली. बूट बाल्कनीत न्या, तोंडाला मास्क लावा, आणि कोरड्याच ब्रशने झटका. घरात झटकलंत तर ती पूड उडून बाकीच्या चपलांवर बसणार आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल. पाणी अजिबात नको, ओलीवरच तर ती वाढलीये. झटकून झाल्यावर मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, तेवढंच पाणी घाला, पांढऱ्या सुती फडक्याला लावून फडकं नीट पिळा आणि हलकं टिपत जा. घासायचं नाही. आधी टाचेमागे कुठेतरी टिपून बघा, फडक्यावर टॅन रंग आला तर तिथेच थांबा. सॅनिटायझरची जेल वापरू नका, तिच्यात ग्लिसरीन वगैरे असतं ते लवेत बसतं. आतल्या सोललाही तसंच पुसा, वास बहुतेक तिथूनच येतोय. मग पंख्याखाली सावलीत एक-दोन दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर नको, रंग उडतो आणि चामडं आखडतं.

आणि ते खोकं फेकून द्या, नवऱ्याला नाहीतरी काहीतरी फेकायचंच आहे.

तर्रीचं थोडं कठीण. ताजं असतं तर कॉर्नफ्लोअर टाकून रात्रभर ठेवलं की बरंच तेल शोषून घेतं, आता जुनं झालंय तरी आधी तेच करा, जाड थर द्या, सकाळी झटका, परत द्या, दोन-तीनदा. डाग फिकट होईल, पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही. पिवळी कड हळदीची आहे, तिला साबण लावलात तर लाल होईल, कपड्यावर होते तशीच.

डोंबिवलीकर_सूनबाई

बापरे, इतकं डिटेल, खूप आभार दादा. ब्रश कुठला घेऊ? आणि टाल्कम पावडर चालेल का, घरात कॉर्नफ्लोअर संपलंय.

चामड्यातला_माणूस

चालेल. काळा किंवा नेव्ही बूट असता तर नको म्हटलं असतं, पांढरटपणा लवेत राहतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात, टॅनला चालून जाईल. ब्रश म्हणाल तर नवा मऊ टूथब्रश पुरे. पितळी तारेचा मिळतो तो जिथे लव घासून चकचकीत सपाट झालीये तेवढ्यापुरताच, बाकी ठिकाणी तो लव उपटून काढतो. आधी एकाच दिशेने, मग उलट.

थंडीत_टोरंटो

इकडे बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे दर हिवाळ्यात बुटांवर पांढऱ्या रेषा येतात. त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून टिपायचं, मस्त निघतात. व्हिनेगरचा वास सुकल्यावर जातो. @सूनबाई तुम्ही पण तेच ट्राय करा की. आणि शेवटी चहाच्या किटलीची वाफ द्या, लव एकदम नव्यासारखी उभी राहते.

चामड्यातला_माणूस

@टोरंटो तुमच्या मिठाला बरोबर, मीठ त्यात विरघळतं. तेलावर व्हिनेगरचा उपयोग शून्य. वाफेबद्दल पण जरा थांबा, लव उभी राहते हे खरं पण तेल आत असताना गरम वाफ दिली तर ते आणखी पसरतं आणि खोल जातं. डाग निघाल्यावर द्या, तीही हातभर लांबून.

आणखी एक, हे बरेच लोक विसरतात. पाणी असलेलं काहीही वापरायची वेळ आली तर फक्त डागावर टिपून सोडायचं नाही. ओला भाग सुकताना आतला रंग आणि क्षार कडेला सरकतात आणि तिथे गोल रेष उमटते, मग लोक म्हणतात डाग गेला पण रिंग राहिली. ओला ब्रश करायचाच तर शिवणीपासून शिवणीपर्यंत तो अख्खा तुकडा एकसारखा ओलसर करायचा, दुसऱ्या बुटाचा पण, म्हणजे सुकल्यावर जोडी एका रंगाची दिसते. आत कागद कोंबायचा म्हणजे आकार राहतो, पण फिकट अस्तर असेल तर वर्तमानपत्र नको, शाई लागते.

वाडीचो_झील

तुम्ही कायव करा, पावसात स्वेड ह्या काय खरा नाय. आमच्याकडे सावंतवाडीत जूनपासून भिंतीवर बुरशी, पट्ट्यावर बुरशी, देवाच्या फोटोमागे बुरशी, तिथे बुटाची काय कथा. डेझर्ट बूट म्हणून जे मिळतात ना, क्लार्क्सने १९५० मध्ये काढलेले, त्याची मूळ कल्पना कैरोच्या बाजारात शिवून मिळणाऱ्या बुटांवरून घेतलेली. वाळवंटातला माल तो. त्याला जुलैमध्ये कोकणात आणायचं म्हणजे पैसे पाण्यात घालूचे धंदे.

वर आमची लाल माती. चिखल लागला की लोकांना लगेच ओल्या फडक्याने पुसायचं असतं, त्याने ती माती चामड्यात आणखी मुरते आणि तांबूस छटा कायमची राहते. ओला चिखल हात न लावता वाळू द्यायचा, मग ब्रश. मी स्वेड नोव्हेंबर ते मे घालतो, बाकी वेळ रबरी सँडल झिंदाबाद. तरी एक जोडी आहेच, मोह सुटत नाही.

डोंबिवलीकर_सूनबाई

😂 @झील अगदी. मग पावसाळ्यात ठेवायचे कसे? मी तर डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या खोक्यात, तरी बुरशी आली.

वाडीचो_झील

डांबरगोळ्या किड्यांसाठी, बुरशीला त्यांचं काही पडलेलं नसतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात ती खाली येतेच कुठे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. कापडी पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून पंख्याखाली. ही पंख्याची पायरी सगळे विसरतात, मी पण बायकोने आठवण केली तरच. रंग बदलणारी जेल मिळाली तर बरी, भरली की कळतं. आणि कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा.

थंडीत_टोरंटो

प्रोटेक्टर स्प्रेचं कुणी बोललंच नाही! बूट नवा असतानाच मारून ठेवायचा.

चामड्यातला_माणूस

बरोबर, पण डाग असताना मारू नका, डाग आत राहतो आणि पुढचे उपाय लागू पडत नाहीत. स्वच्छ, पूर्ण कोरडे झाल्यावर वीतभर अंतरावरून हलके दोन हात, मधे सुकू द्यायचं, घरात नाही तर उघड्यावर, आणि रात्रभर ठेवून मगच घालायचे. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी डबक्यात उभं राहायचं लायसन्स नाही ते, थेंब झटकायला वेळ मिळतो इतकंच.

डोंबिवलीकर_सूनबाई

अपडेट: बुरशी गेली, वासही जवळजवळ गेला!! स्पिरिटने टाचेमागे किंचित रंग फडक्यावर आला म्हणून बुरशी होती तिथेच जपून टिपलं. पावडरने तर्रीचा डाग निम्मा तरी कमी झाला, पण सावली दिसतेच. पिवळं तसंच आहे. आता पुढे काय, साबण लावून बघू का?

चामड्यातला_माणूस

नको. पावडरचे आणखी एक-दोन हात द्या, मग सोडा. उरलेल्या सावलीसाठी स्वेडचा रंग स्प्रेमध्ये किंवा स्पंजच्या बाटलीत मिळतो. फोटोवरून रंग निवडू नका, बूट घेऊन दुकानात जा, आणि हुबेहूब मिळाला नाही तर एक छटा गडद घ्या, फिकट रंगाने डाग झाकत नाही. दोन्ही बुटांना पूर्ण मारायचा. सोलच्या कडेला आधी मास्किंग टेप. पिवळं त्यात झाकलं जाईल.

हॉस्टेलची_पोर

दादा माझी पर्स आहे स्वेडसारखी, मागून विणलेलं कापड दिसतंय म्हणजे नकली ना? तिच्यावर कॉफी सांडलीये.

चामड्यातला_माणूस

हो, मग ती पॉलिस्टर, तुझं काम सोपं. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण, फडक्याने पूस, साध्या पाण्याच्या फडक्याने परत पूस, सावलीत वाळव. आतला पुठ्ठा भिजू देऊ नको. मशीनमध्ये मात्र हीसुद्धा नाही.