अनुभव धागा : सायबर सुरक्षेतली पहिली नोकरी, जिथे रांग छोटी आहे

माझी भाची बीएस्सी आयटी झाली. आठ महिने एसओसी अ‍ॅनालिस्टच्या (कंपनीच्या सिस्टिमवर हल्ल्याचे इशारे येतात का यावर नजर ठेवणाऱ्याच्या) जागांसाठी अर्ज करतेय, उत्तरही येत नाही. क्लास केलेली सगळी मुलं एसओसी आणि पेनटेस्टिंग (परवानगीने सिस्टिम फोडून पाहणं) याच दोन दारांशी उभी आहेत. कोकणातून या क्षेत्रात शिरलेल्यांनी आपापली वाट सांगाल का? पहिलं काम नेमकं काय होतं, तेही लिहा.
– चिपळूणहून मावशी

रत्नागिरी
मी बी.कॉम. सहकारी बँकेत चार वर्षं काउंटरवर होतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. ती पाळल्याचे पुरावे तपासायला माणसं लागतात, म्हणून एका ऑडिट फर्मने मला घेतलं. पहिल्याच बँकेत दोन याद्या हातात दिल्या : कर्मचाऱ्यांची आणि सीबीएसमधल्या (बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतल्या) युजर आयडींची. पेन्सिलीने एकेक नावावर खूण करत गेलो. दिवाळीत निवृत्त झालेल्या कॅशियरकाकांचा आयडी चालू होता आणि आदल्याच आठवड्यात त्यावरून लॉगिन झालेलं. मार्चअखेरीला एकमेकांच्या पासवर्डवर कामं उरकताना मी पाहिलंय, म्हणून कुठे बघायचं ते कळलं. फिरती खूप, पगार सुरुवातीला बेताचाच. पण माझ्यासोबत मुलाखतीला फक्त दोघं होते.

कुडाळ
मी घरून काम करते. आमच्या कंपनीला ग्राहकांकडून सुरक्षेच्या प्रश्नावल्या येतात, त्या भरणं आणि पुरावे जमवणं हे माझं काम. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) आहेत. ती पाठ करत बसू नका. मला मुलाखतीत एवढंच विचारलं, "बॅकअप होतो याचा पुरावा काय?" मी म्हटलं, तो परत चढवून पाहिल्याची नोंद. तिथेच निवड झाली. पावसात लाईट जाते, इन्व्हर्टर आधी घ्या.

उरण
जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या संगणक व्हायरसने न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, तेव्हा मी जवळच्या यार्डात गेटवर होतो. हातातला कागद हाच काय तो आधार. त्या दिवसांनी मला इकडे ओढलं. आता क्रेन आणि वजनकाट्यांच्या नेटवर्कचं बघतो. पहिले सहा महिने फक्त यादी केली : कुठल्या खोलीत कुठलं यंत्र, त्यावर कुठलं विंडोज, केबल कुठे जाते. जहाज धक्क्याला असताना पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकायचा नाही, हे यार्डातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अशा जागा थोड्या निघतात, पण अर्जही थोडेच येतात.

मावशी
उरणकर दादा, भाचीचे बाबा लोट्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहेत. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) हा शब्द तिने जेवताना ऐकलाय. कारखान्यातही अशी यादी करणारं माणूस घेतात का? घेत असतील तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, आयटीच्या की मेंटेनन्सच्या?