व्हायोलिन पेटीसारखी वाजते, त्याबद्दल

एकाने विचारलंय की म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली व्हायोलिनं कॅसिओसारखी वाजतात, म्हणून महागडी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संग्रह) घ्यावी का. माझ्या मते आत्ता नको. आधी मिक्सर (प्रत्येक वाद्याचा आवाज निवडायची खिडकी) उघडून बघा, तिथे 'एमएस बेसिक' दिसत असेल तर तो जुना साउंडफॉन्टच (वाद्यांच्या आवाजांची साधी फाइल) वाजतोय. डिसेंबर २०२२ मध्ये म्युझस्कोअरच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलेले म्युझ साउंड्स हे आवाज फुकट आहेत, म्युझ हब या अॅपमधून उतरवता येतात.

पण खरी गोम स्वरलेखनात असते. तंतुवाद्यांना स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान) दिला नाही की प्रत्येक स्वराला गज उलटतो, आणि तेच आपल्याला यांत्रिक वाटतं. लांब स्वर सपाट ठेवू नका, त्याच्या आवाजाला चढ-उताराची खूण द्या. कागदावर गर्दी होत असेल तर ती खूण निवडून व्ही दाबा. खूण लपते, वाजते मात्र. बासरी-क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यायला जागा सोडा. सलग बारा मापं (बार) न थांबता फुंकणारा माणूस कानाला लगेच खोटा वाटतो, मग सॅम्पल कितीही भारी असू दे.

म्युझस्कोअरऐवजी डोरिको किंवा सिबेलियस ही स्वरलेखनाची सॉफ्टवेअरं असतील तर त्यांना जोडायचा नोटपरफॉर्मर हा आवाजांचा प्रोग्राम चांगला. तो साधारण सेकंदभर पुढचे स्वर आधी वाचून घेतो आणि त्यावरून वाक्याला आकार देतो, म्हणून आवाज थोडा उशिरा येतो. तो बिघाड नव्हे.

एक मात्र लक्षात ठेवा: स्पीकरवर बासरीचे खालचे स्वर ट्रम्पेटच्या आवाजातही ऐकू येतील. खऱ्या वाद्यवृंदात नाही येणार. वादकांपुढे ठेवायचा स्कोअर (लिहिलेली स्वरलिपी) असेल तर सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकवर विसंबू नका.